शनिवारचा इनासू

ओल्लूर,
९ जून १९७४

येशूची स्तुती असो.

त्रेस्ये,

पत्र लिहिण्यास कारण की तू माझं वाटोळं केलं आहेस. बाकी सर्व ठीक. घाणा चालू आहे, खोबरं यंदा बरं मिळालं, माझा गुडघा जिथल्या तिथे आहे.

परवा त्रिशूरच्या बसमध्ये उभा होतो. कंडक्टर ओरडला, "ए इनासू, बायकांच्या सीटला चिकटू नका, मागे सरका." मी मुकाट्याने मागे सरकलो. मनात म्हटलं, याला माझं नाव कसं ठाऊक? बघतो तर माझ्याबरोबर कॉलेजची चार पोरंही सरकली. तो त्यांना म्हणत होता. मला तर त्याने पाहिलंही नव्हतं.

स्टँडवरच्या चहावाल्याकडे गेलो तर एक पोरगा आणि पोरगी एकाच कपातला चहा दोन ग्लासांत ओतून पीत होती. चहावाला आत ओरडला, "एक इनासू चहा." मी माझा चहा न पिता उठलो.

हे सगळं तुझ्या त्या साप्ताहिकातल्या कादंबरीमुळे. पुरुषाच्या नावाने लिहितेस ते एक बरं आहे, नाहीतर लिहिणारी माझी मेहुणी आहे हे कळल्यावर मला गाव सोडावं लागलं असतं. नायकाला माझंच नाव द्यायला आपल्या मुलखात नावांचा दुष्काळ पडला होता का? वर्की आहे, पैली आहे, औसेप आहे.

चेष्टेची गोष्ट नाही, म्हणून लिहितो. देवस्सीच्या बायकोला, लिस्सीला, चौथा महिना आहे. तो कुवेतला, ती इथे माझ्याजवळ. आमच्या घरात पहिल्या नातवाला आजोबाचं नाव, हे तुला सांगायला नको. इनासूचा मुलगा देवस्सी, देवस्सीचा मुलगा इनासू, असं माझ्या पणजोबाच्याही आधीपासून चालत आलंय. आणि काल लिस्सीची आई कुंजन्नम येऊन पडवीत बसली, फणसाचे गरे खाल्ले आणि मला सांगून गेली, "बाकी काहीही ठेवा, पण तेवढं नाव नको हो. पोराला शाळेत घालायचं आहे आम्हाला."

तेव्हा पुढच्या अंकापासून त्याला वर्की म्हण. तुझी चेच्ची असती तर थोरल्या बहिणीच्या हक्काने तिने तुझा कान पिळला असता.

इनासू


कोट्टयम,
२० जून १९७४

येशूची स्तुती असो.

इनासूचेट्टा,

तुमचं पत्र शाळेत आलं. शिक्षिकांच्या खोलीत वाचून मी एकटीच हसत होते, त्यामुळे निवृत्तीच्या वर्षात बाईंचं डोकं फिरलं अशी बातमी आता सगळ्या शाळेत आहे.

नाव बदलता येत नाही. इनासू रात्री झोपला आणि सकाळी वर्की होऊन उठला, असं लिहिलं तर संपादक मला उठवतील. दर गुरुवारी अंक यायच्या आधी लोक दुकानासमोर उभे असतात.

आणि खरं सांगू का? शब्द मी केलेला नाही. मी फक्त एक माणूस लिहिला. तो दर शनिवारी केळीचा घड खांद्यावर टाकून कालव्यावरच्या फळीवरून पलीकडे जातो, कत्रीच्या पडवीत घड टेकवतो, तिच्या बापाच्या खोकल्याची चौकशी करतो आणि परत येतो. दीड वर्ष झालं, त्याने तिच्या बोटालाही हात लावलेला नाही. असा माणूस बायकांच्या सीटला चिकटून उभा राहील का? तुमच्या कंडक्टरने कादंबरी वाचलेली नाही, चहावाल्यानेही नसणार. नाव पुस्तकातून बाहेर पडलं, रस्त्यावर गेलं आणि तिथल्या संगतीत बिघडलं. लिहिणाऱ्याला हे बघून थोडं वाईट वाटतं आणि बरंच बरंही वाटतं, ते मी तुमच्यापासून लपवत नाही.

कुंजन्नमला म्हणावं, तुमचं स्वतःचं नाव घेऊन तुम्ही शाळेत गेलात ना?

लिस्सीला कैरीचं लोणचं पाठवते आहे. तुम्ही खाऊ नका.

तुमची
त्रेस्या


ओल्लूर,
१८ जुलै १९७४

येशूची स्तुती असो.

त्रेस्ये,

लोणचं पोचलं. बरणी फुटली होती, पण लोणचं बरणीच्या आकाराचं राहिलं होतं. लिस्सीने खाल्लं. मी थोडं खाल्लं.

तू म्हणतेस तो माणूस सज्जन आहे. असेल. रविवारी आमच्या फादरनी प्रवचनात सांगितलं की या इलाख्यात शेतकरी कमी आणि इनासू जास्त झालेत, आईबापांनी मुलींवर लक्ष ठेवावं. मी दुसऱ्या रांगेत होतो. सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. या वयात, हा गुडघा घेऊन, मी कोणाच्या मुलीमागे जाणार आहे?

लिस्सी मला काही बोलत नाही. पोरगी चांगली आहे, माझी कांजी-भाजी वेळेवर असते. पण तिने देवस्सीला कुवेतला पत्र लिहिलं की बाळाचं नाव फ्रान्सिस ठेवावं, आणि देवस्सीने मला लिहिलं की अप्पा, तुम्हीच ठरवा. पोरगा असा गुळमुळीत बोलला की मला कळतं, त्याचं ठरलेलं असतं.

मी घाण्यावर बसून विचार केला. लोक प्रेमवीरालाच इनासू म्हणतात ना? मग त्याचं लग्न लावून टाक. लग्न झालेल्या माणसाला कोणी प्रेमवीर म्हणत नाही. दोन महिन्यांत लोक विसरतील आणि नाव सुटेल. माझा धंदा तेलाचा आहे, पण एवढं मला कळतं.

इनासू

ता. क. त्या माणसाचं आणि माझं काडीचंही साम्य नाही, हे तूही लक्षात ठेव. तो केळी नेतो.


कोट्टयम,
२ ऑगस्ट १९७४

येशूची स्तुती असो.

इनासूचेट्टा,

लावलं लग्न. संपादक म्हणाले, बाई, आणखी वर्षभर कालवा ओलांडू द्या की त्याला. मी म्हटलं, फळी कुजली आहे. गेल्या गुरुवारी कत्रीच्या गळ्यात लग्नाचा मिन्नू बांधला. लग्नाच्या जेवणात तुमच्या ओल्लूरच्या पद्धतीचं मांस आणि कच्च्या केळ्याची भाजी ठेवली, कुणाला संशय येऊ नये म्हणून गाव मात्र चंगनाशेरीकडचं केलं.

केळी नेतो म्हणे. चेट्टा, दर शनिवारी आमच्या पुदुक्काडच्या घरी तेलाचा डबा घेऊन कोण यायचं? आम्ही घरात पाच माणसं, त्यातला आमचा अप्पन टकला. अम्मा म्हणायची, एवढं तेल लावायला आमच्याकडे डोकी कुठून आणू?

त्रेस्या


ओल्लूर,
१ सप्टेंबर १९७४

येशूची स्तुती असो.

त्रेस्ये,

तुझ्या अप्पनची मागणी होती म्हणून तेल यायचं. उगाच भलतं लिहू नकोस.

लग्न लावून तू आगीत तेल ओतलंस, आणि ते माझ्याच घाण्याचं. आता जो नवरा बायकोची छत्री धरतो तो इनासू. जो तिचं डोकं दुखलं म्हणून दुकान बंद करतो तो इनासू. न्हाव्याकडे बसलो होतो, तिथे एकाला बायको बोलवायला आली, तो अर्धी दाढी ठेवून उठला. न्हावी म्हणाला, "जा इनासू, जा." आधी पोरंच होती, आता बाप्येही झाले.

कुवेतहून देवस्सीचं पत्र आलं. तो लिस्सीला रोज पत्र लिहितो म्हणून त्याच्या खोलीतले लोक त्याला इनासू म्हणतात. माझं नाव माझ्या मुलाला लागलं. आमच्या वंशात असं कधी झालं नव्हतं.

कुंजन्नम ओणमला आली. म्हणाली, नातू बायकोच्या मुठीत राहील. जन्मायच्या आधीच त्याला बायकोही मिळाली.

लिस्सीला सातवा लागतो आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा महिनाअखेरीस ते तिला इरिंजालकुड्याला नेतील. एकदा ती तिकडे गेली की माझं कोण ऐकतं? बाप्तिस्म्याला बाळाला हातात धरून पाद्रीला नाव सांगायचा मान माझा आहे, पहिल्या नातवंडाचा धर्मपिता आजोबाच. पण त्या वेळी मी एक नाव सांगावं आणि पोराच्या आईने घरी येऊन रडावं, असं मला नको आहे. सगळ्यांनी राजीखुशीने म्हटलं पाहिजे, ठेवा इनासू.

तेव्हा मार त्याला. मेलेल्या माणसाची लोक चेष्टा करत नाहीत.

इनासू


कोट्टयम,
१२ सप्टेंबर १९७४

येशूची स्तुती असो.

चेट्टा,

तुम्ही मला माणूस मारायला सांगितलंत आणि खाली नुसतं 'इनासू' लिहून सही केलीत. मी बराच वेळ त्या सहीकडे बघत बसले.

संपादक तयार नाहीत. म्हणाले, तो मेला तर पुढची कादंबरी दुसऱ्याला देईन. मी म्हटलं, द्या. माझी निवृत्ती जवळ आली आहे, डोळेही अधू झाले आहेत. तुमच्या नातवाच्या नावाहून माझी कादंबरी मोठी नाही.

ताप नको, फार दिवस चालतो. साप नको, सगळेच साप आणतात. फळीवरून पडेल. लग्नानंतरही तो दर शनिवारी सासऱ्याला केळी द्यायला जातोच, ते मी थांबवलं नव्हतं.

हे शेवटचं. यानंतर मला काही सांगू नका.

त्रेस्या


ओल्लूर,
२१ ऑक्टोबर १९७४

येशूची स्तुती असो.

त्रेस्ये,

तो मेला ते गावाला गुरुवारी कळलं. शुक्रवारी सकाळी मी घाणा उघडला तर शिंपी येऊन माझे हात हातात धरून उभा राहिला. मी त्याला पेंड हवी का विचारलं.

देवळात कुणीतरी इनासूच्या आत्म्यासाठी मिस्सेची प्रार्थना सांगितली. फादरनी ती वाचली आणि मग मला पाहून गोंधळले. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. कॉलेजच्या मुली काळी फीत लावून फिरतात असं ऐकतो. चहावाल्याने तो चहा बंद केला होता, पण गिऱ्हाइकं रागावली म्हणून पुन्हा चालू केला. आता तो चहा पिताना पोरी रडतात.

इरिंजालकुड्याला लिस्सीला बघायला गेलो होतो. कुंजन्नमचे डोळे सुजलेले. मला वाटलं, लिस्सीला काही झालं. मग कळलं की ती अंक वाचून रडली होती. ती बाई पहिल्या प्रकरणापासून वाचते, त्रेस्ये. मला नावं ठेवत होती आणि दर गुरुवारी वाचत होती. डोळे पुसून म्हणते कशी, "आता तर मुळीच नको हो. फळीवरून पडून मेलेल्याचं नाव कोवळ्या जिवाला?"

जिवंत होता तेव्हा चावट, लग्न झालं तेव्हा बावळट, मेला तेव्हा अपशकुनी. आता काही करू नकोस. त्याला उठवून बसवू नकोस. मी हरलो. मुलगा झाला की फ्रान्सिस सांगेन. लिस्सीला तसं सांगून आलो. लगेच आत जाऊन माझ्यासाठी चहा तिने स्वतः केला, एवढं पोट घेऊन.

एकच गोष्ट विचारतो. चिडून विचारत नाही. एवढी नावं असताना माझंच का घेतलंस?

इनासू


कोट्टयम,
३ नोव्हेंबर १९७४

येशूची स्तुती असो.

इनासूचेट्टा,

विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर सांगणार नव्हते.

रोसाचेच्ची शेवटच्या आजारात इथे कोट्टयमला इस्पितळात होती, तेव्हा दिवसा मी तिच्याजवळ बसायचे. ती तुमच्या शनिवारांच्या गोष्टी सांगायची. तुम्ही डबा ठेवायचात, अप्पनशी पावसापाण्याचं बोलायचात आणि जाताना दारातल्या तिच्या चपला उन्हातून उचलून सावलीत ठेवायचात. मागणी घालायच्या आधीपासून. तुम्हाला वाटायचं कुणी बघत नाही. ती खिडकीतून बघायची. अप्पनने तेल कधीच मागवलं नव्हतं.

हे सगळं सांगताना ती तुम्हाला 'ते' म्हणायची, 'देवस्सीचे अप्पा' म्हणायची, एकदा 'तेलवाले' म्हणाली. आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तिनेही जन्मभर घेतलं नाही. पण एका दुपारी, ताप चढलेला असताना, तिने डोळे मिटूनच हाक मारली, "इनासू." मागे पुढे काही नाही, नुसतं नाव, घरातल्या माणसाला बोलवावं तसं. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. मी तुम्हाला आत बोलवायला उठले, तोवर ती झोपली होती.

तुम्हाला ते ऐकायला मिळालं नाही, हे माझ्या मनात राहिलं. म्हणून कादंबरी लिहायला बसले तेव्हा कत्रीच्या तोंडी पानापानावर तेच नाव घातलं. चेच्चीने एकदाच म्हटलं ते निदान कुणीतरी मोठ्याने म्हणत राहावं. पुढे अख्खा मुलूख म्हणायला लागेल हे मला कुठे ठाऊक होतं?

चेष्टा कधीच नव्हती.

त्रेस्या


(पोस्टकार्ड)

इरिंजालकुडा,
२९ नोव्हेंबर १९७४

त्रेस्ये, काल दुपारी लिस्सी सुखरूप मोकळी झाली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. देवस्सीला तार केली. कुंजन्नम माझ्याकडे बघून हसत सुटली आहे. सहा महिने आम्ही कशासाठी भांडलो? तुझं मागचं पत्र मिळालं. ते खिशात घेऊन फिरतो आहे.

इनासू


कोट्टयम,
५ डिसेंबर १९७४

येशूची स्तुती असो.

चेट्टा,

वाचून शाळेत सगळ्यांना लाडू वाटले. बाई आता पूर्णच फिरल्या असं ठरलं आहे.

मुलगी आहे, तेव्हा नावाचा वाद कुणाला घालता येणार नाही. पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव. कुंजन्नमलाही रीत ठाऊक आहे, आणि रोसा नावावर कुणी चहा केलेला नाही.

फक्त एक आठवण करून देते. पाद्रीसमोर ते नाव तुम्हाला घ्यायचं आहे. माझ्याजवळ तुमची सगळी पत्रं आहेत, काल रात्री नाही, आज सकाळी उजेडात नीट चाळली. सगळीकडे 'तुझी चेच्ची'. इस्पितळातून घरी नेल्यावर ती गेली, त्याची तारसुद्धा तुम्ही 'तुझी चेच्ची गेली' अशी केली होतीत. तेव्हा घाण्यावर बसून थोडी सवय करा.

शाळेत परीक्षा चालू आहेत, बाप्तिस्म्याला येता येणार नाही. सगळं लिहून कळवा.

त्रेस्या


ओल्लूर,
१६ डिसेंबर १९७४

येशूची स्तुती असो.

त्रेस्ये,

सवय केली. घाण्याचा आवाज मोठा असतो, त्यात म्हटलं तर कुणाला ऐकू जात नाही. पण तिथेही नीट जमलं नाही. एकतीस वर्षांचा संसार 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर झाला. ती माजघरात असली तरी मी दारात उभा राहून खाकरायचो आणि ती यायची. ती गेल्यावरही दोन-तीनदा खाकरलो होतो.

काल रविवारी बाप्तिस्मा झाला. मुलगी माझ्या हातात, मेणबत्ती कुंजन्नमच्या हातात. लिस्सी मागे बसली होती. फादरनी विचारलं, या बाळाला कोणतं नाव देता? मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. खाकरलो. फादर थांबले. त्यांनी पुन्हा विचारलं. कुंजन्नमला वाटलं, मी ऐनवेळी माझंच नाव सांगतो की काय, ती मला कोपराने ढोसत होती. मुलीने डोळे उघडले. कपाळ तिचं तुझ्या चेच्चीचं आहे, हनुवटी आमची.

मग म्हटलं, "रोसा."

जरा मोठ्याने गेलं. घाण्यावरची सवय ना. पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, मुलगी रडायला लागली. फादरनी पाणी घातलं. मला पुढचं नीट दिसत नव्हतं, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. लिहायचं तर खरं लिहावं. मी रडत होतो. चारचौघांत, कोट घालून.

तेवढ्यात कुंजन्नम शेजारणीला म्हणाली, तिला वाटलं हळू म्हणाली, "इनासू म्हणतात तो हा गं."

मी रागावलो नाही. वळून म्हटलं, "हो, मीच."

जेवण चांगलं झालं. कुंजन्नमने मला दोनदा वाढलं. निघताना तिने सांगितलं की बाळाला चोळायला तेल भरपूर आहे, मागच्या तीन शनिवारी मी आणलेले डबे अजून उघडलेलेही नाहीत, आता आणू नका.

असू देत. येत्या शनिवारी मी जाणार आहे.

इनासू